गाडीचं ताम्हन

१५ सप्टेंबर १९९७, सोमवार

नोटीस आली. आमच्यावर! शिपाई दाराला चिकटवून निघून गेला, हाक मारायचीसुद्धा तसदी घेतली नाही. मी आत महादेवाला अभिषेक करत होते. बाहेर आले तर शेजारचे शेळके, सोसायटीचे सेक्रेटरी, आमच्या दारात उभे राहून ती वाचत होते — मोठ्याने, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं.

'वाहने धुण्याचे साबण व तेलमिश्रित पाणी पावसाळी गटारात सोडल्याचे निदर्शनास आले आहे. पंधरा दिवसांत योग्य ती व्यवस्था न केल्यास साहित्य जप्त करून व्यवसाय बंद करण्यात येईल.'

व्यवसाय म्हणे. ह्यांची एक एम-एटी स्कूटर, पाण्याचे चार कॅन, दोन ब्रश, शॅम्पू, पॉलिशचा डबा आणि फडकी. तळोज्याची कंपनी बंद पडून तीन वर्षं झाली. तेव्हापासून हे लोकांच्या दारात जाऊन गाड्या धुतात, पॉलिश करून देतात. स्टील मार्केटचे शेठ, नवीन पनवेलचे दोन डॉक्टर, आमच्या कळंबोलीतले दहा-बारा. त्यावर आमचं घर चालतं, सईची दहावी चालली आहे. आणि ते बंद करणार एका कागदावर.

शेळके म्हणाले, "वैनी, सरकारी कागद हाय, फाडू नका बरं." मी फाडणार होते हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

हे जेवायला आले. नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि "आमटी वाढ" म्हणाले. काय करायचं विचारलं तर "बघू". लग्नाला अठरा वर्षं झाली. बघू, बघू आणि बघू. बघते मीच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसात जाऊन आले. हे कामावर गेले, बरंच झालं. ह्यांना नेलं असतं तर साहेबांना चहा पाजून परत आले असते.

गटारांचे साहेब मोहिते. हौसेराव मोहिते. टेबलाच्या काचेखाली बालाजीचा फोटो आणि सुट्ट्यांची यादी. आधी माझ्याकडे बघेनात. मॅट्रिक आहे, नोटीस नीट वाचली आहे म्हटल्यावर पेन काढलं आणि कागदावर दोन रेघा ओढल्या.

"हे बघा ताई. आपल्याकडे गटारं दोन. एक संडास-मोरीचं. ते शुद्धीकरणाच्या टाकीकडे जातं. दुसरं पावसाचं. ते कुठेच शुद्ध होत नाही. सरळ तळ्यात, आणि ओहोटीला तळ्याचं दार उघडलं की खाडीत. रस्त्याकडेला लोखंडी जाळ्या असतात ना, त्या पावसाच्या. तुमच्या मिस्टरांचं पाणी तिथे जातं."

"ट्रक टर्मिनलला ड्रायव्हर लोक दिवसभर ट्रक धुतात. त्यांना नोटीस दिली?"

"त्यांचं नाव अर्जात नाही. तुमचं आहे."

"कुणी दिलं?"

"खाडीवाल्यांनी. कोळंबीला साबणाचा वास मारतो म्हणतात."

"मग आम्ही काय करायचं? पाणी खिशात घालून घरी आणायचं?"

साहेबांना हसू आलं. "आणा की. आणा आणि मोरीत ओता, माझी हरकत नाही. रस्त्यावर मात्र थेंब दिसता कामा नये."

चेष्टा केली त्यांनी. माझी! घरी येईपर्यंत कानशिलं तापली होती. वाटेत ट्रक टर्मिनलपाशी मुद्दाम थांबले. एका ट्रकचं काळं पाणी रस्ता ओलांडून जाळीत चाललं होतं, चांगलं हातभर रुंद. कुणी विचारत नाही त्यांना. आमचे चार कॅन मात्र मोजले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

हलिमाशी भांडले.

कामोठ्याच्या पलीकडे खाडीकाठी तिचं गाव. नवरा मकबूल तळ्याच्या दाराशी जाळं लावतो, ही पाटी घेऊन सकाळी नऊला आमच्या गल्लीत येते. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून, अकरा वर्षं. सोमवार आणि उपास सोडले तर आमच्याकडे कोळंबी येते ती हिचीच. सई लहान असताना तिला मांडीवर घेऊन बसायची. म्हणून जास्त लागलं.

मी विचारलं, "अर्ज तुमच्याकडून गेला ना?"

"गावातून गेला. मकबूलनी पन सही केली." लपवलं नाही तिने.

"आमचं नाव कुणी घातलं?"

"साहेबांनी इचारलं, गाड्या कोन धुतं. पोरं बोलली, एम-एटीवाले भाऊ धुतात. सगल्यांना ठावं हाय बाय, त्यात घालायचं काय."

"अकरा वर्षं माझ्या ओट्यावर चहा प्यायलीस तू."

"प्याले. आज पन दे, पिते. पन ऐक. पावसाच्या आधीपासून चाललंय हे. बाई कोलबी घेऊन जाते, दुसऱ्या दिशी परत आनून देते. कापडं धुवायच्या साबनासारखी लागते म्हनते. मी काय खाऊ?"

"कपड्यांच्या साबणाने कुणी गाडी धुतं का? आम्ही शॅम्पू वापरतो. मग वास आमचा कसा?"

"मला काय ठावं शाम्पू नि काय. पानी वरून येतं, तुमच्या कॉलनीकडून. तेवढं ठावं."

"तुझं पोट आणि आमचं पोट नाही?"

तिने पाटी डोक्यावर घेतली. "तुज्याकडं वरन-भात तरी हाय," म्हणाली आणि गेली.

वरण-भात! तो कुठून येतो हे तिला ठाऊक नाही? आणि बोलताना आवाजसुद्धा चढला नाही तिचा. माझाच चढला. शेळक्यांची खिडकी उघडी होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हलिमा आमच्या दाराशी थांबली नाही. थांबली असती तरी घेतली नसती. वांग्याची भाजी केली. ह्यांनी दोन घास कमी खाल्ले.

२० सप्टेंबर, शनिवार

आज बोलले एकदाचे. पॉलिशने काळे झालेले हात रॉकेलने पुसत होते. म्हणतात, "त्यांचं खरंही असेल गं. हे रसायन लागून माझ्या बोटांची सालं निघतात. कोळंबीचं काय होत असेल?"

म्हणजे मी एकटी भांडायची आणि घरातला माणूस तिकडच्या बाजूने! म्हटलं, मग बंद करा उद्यापासून, आणि सईला सांगा कोळंबीसाठी शाळा सोड. दहा दिवस उरले.

२२ सप्टेंबर, सोमवार

सुचलं! आणि सुचवलं त्यानेच, महादेवाने.

अभिषेक करत होते. मन देवात नव्हतंच, जप्तीत होतं. पाण्याची धार पिंडीवर, पिंडीवरून ताम्हनात. एक थेंब बाहेर नाही. मग ते पाणी उचलून तुळशीला. रोज करते, पण आज हात थांबला. देवाचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून आपण ताम्हन ठेवतो. देवळात पिंडीचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ कुणी ओलांडत नाही, अर्धी प्रदक्षिणा घालून मागे फिरतात. पाणी जमिनीवर सांडू द्यायचं नाही ही अक्कल आपल्याकडे कधीची आहे. मग गाडीला ताम्हन का नको?

मोठं ताम्हन. गाडी आत उभी राहील एवढं. कडा उंच. पाणी आतच राहणार, कॅनात भरायचं, घरी आणायचं, मोरीत ओतायचं. मोहिते साहेब हसत होते ना? आता हसा.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी डोकं खाजवलं. "तांब्याचं?" म्हणाले. अशा वेळी विनोद सुचतात!

२४ सप्टेंबर, बुधवार

ट्रक टर्मिनलला सिताराम म्हणून जुन्या ताडपत्र्या विकणारा आहे. ट्रकवरची वापरलेली घेतली, नव्याच्या चौथ्या हिश्शात. दोन भोकं होती, ती बोट घालून दाखवून आणखी कमी करायला लावले. सिताराम म्हणाला, "ताई, तुम्ही ट्रक घ्या, धंद्यात फार पुढे जाल." म्हटलं, आधी ताडपत्री घडी घालून दे.

दुपारी अंगणात पसरली. वाणी दोरखंड फेकून देणार होता, तो आणला. ताडपत्रीच्या चारही कडांत तो गुंडाळून दाभणाने शिवत बसले, करंजीला मुरड घालतात तशी. सई शाळेतून आली, म्हणाली, "आई, ही एवढी मोठी करंजी कुणाला?" पोरीला हसू येतंय. माझ्या अंगठ्यात दाभण दोनदा घुसलं. प्रत्येक टाक्याला त्या मोहित्यांचं, त्या शेळक्यांचं, त्या हलिमाचं नाव घेतलं. देवाचं घ्यायला हवं होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

आज डॉक्टरांच्या फियाटवर पहिला प्रयोग. मी मागे बसून गेले. बायको बरोबर आलेली बघून डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दिली. नको म्हटलं.

ह्यांनी गाडी ताडपत्रीवर घेतली — आणि चाकाने कड दाबली ती दाबलीच. पाणी मारलं तर सगळं त्या खिंडीतून बाहेर, सरळ जाळीकडे. मी पदर खोचून धावले, चपलेने अडवायला लागले. "थांबवा! पाणी थांबवा!" हे शांतपणे म्हणतात, "चप्पल ओली होईल तुझी." भर रस्त्यात ओरडले त्यांच्यावर. डॉक्टर गॅलरीतून बघत होते.

मग सुधारलं. गाडी आत घेताना पुढची कड सपाट सोडायची, गाडी आली की उचलून खाली विटा सरकवायच्या. चारही बाजू उभ्या. धुऊन झालं की एका कोपऱ्याकडे पाणी लोटायचं, सुपलीने आणि मगने भरायचं, उरलेलं स्पंजने पिळायचं. एका गाडीला दीड कॅन निघालं, वर चिखल. जाळी कोरडी! हे वाकून जाळीत बघत राहिले. "जमलं गं," म्हणाले. एवढंच. पण परतताना वाटेत कलिंगडाचा ज्यूस पाजला, नको म्हणत असताना.

कॅन घरी आणून मागच्या मोरीत रिकामे केले. ही मोरीही माझ्याच हिकमतीची. या मे महिन्यात मागचं अंगण घेऊन धुण्याची जागा केली. पोपट गवंड्याने दीड दिवसात काम उरकलं, शेळक्यांच्या निम्म्या पैशात. शेळक्यांनी गेल्या वर्षी त्यांची मोरी करताना पंधरा दिवस गल्ली खणून ठेवली होती, सगळ्यांच्या दारात माती. माझी बघून मागच्या रांगेतल्या सात जणींनी पोपटकडूनच करून घेतली. पत्ता मीच दिला सगळ्यांना.

शेळके कुंपणावरून बघत होते. "काय वैनी, गाडीच्या अंघोळीचं पाणी घरी आणलं? तीर्थ म्हणून वाटणार का?" म्हटलं, तुम्हाला पहिली पळी देते.

३० सप्टेंबर, मंगळवार

मोहिते साहेब स्वतः आले, स्टील मार्केटात. चारही बाजूंनी फिरून ताडपत्री बघितली. बुटाच्या टोकाने कड दाबून बघितली. मी गेले होतेच. म्हटलं, "साहेब, पाणी खिशात घालून नेतोय."

त्यांना आठवलं. जरा ओशाळले. म्हणाले, "मी चेष्टेत बोललो होतो ताई. तुम्ही खरंच केलंत." जप्ती थांबवली. दिवाळीपर्यंत तात्पुरती परवानगी, मग बघून लेखी देऊ म्हणाले. बघू! ह्यांच्याच जातीचे दिसतात.

११ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमी. ज्याला त्याला गाडी पूजेला चकचकीत हवी. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत चौदा गाड्या झाल्या. मी आणि हे दोघं. कॅन भरायचे, एम-एटीवर घरी, मोरीत ओतायचे, परत. किती फेऱ्या झाल्या मोजायच्या सोडून दिल्या. पाठ मोडली. ट्रकवाले तिथेच रस्त्यावर ट्रक धूत होते, पाणी जाळीत. आमच्याकडे बघून एक हसला: "भाभी, पानी घर ले जाके क्या पकाओगे?" बोलले नाही काही. बोलले असते तर शस्त्रपूजेआधी शस्त्र चाललं असतं.

आज ताडपत्री धुऊन, तिला हळद-कुंकू वाहिलं. एम-एटीला झेंडूची माळ. ह्यांनी ताडपत्रीला वाकून नमस्कार केला, मला आधी वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हलिमा आज स्वतःहून दाराशी आली. महिन्याने. मला वाटलं, माफी मागायला आली असेल. आपण किती भोळ्या असतो!

पाटी उतरवली नाही. म्हणाली, "बाय, दसऱ्यापासून तर जास्तच वास सुटलाय. मकबूलनी दोन दिवस जालं लावलं नाय. भाऊला सांग ना काय तरी."

तिला हाताला धरून आत नेलं, ताडपत्री दाखवली, कॅन दाखवले, माझा अंगठा दाखवला. "हे बघ. हे आम्ही करतो. थेंब पडू देत नाही. तुझ्या कोळंबीसाठी खंडेनवमीला माझी कंबर गेली. अजून आमच्याच नावाने ओरडतेस?"

ती ताडपत्री बघत राहिली, कडेवरून हात फिरवला. "चांगली शिवलीस," म्हणाली. मग म्हणाली, "मी भाऊचं नाव नाय घेत. पन वास हाय. खोटं कशाला बोलू?"

म्हणजे कुणीतरी दुसरं आहे. आणि मला ठाऊक आहे कोण. शेळक्यांची मारुती. रोज सकाळी मागच्या मोरीपाशीच पाइप लावून धुतात. पंधरा दिवस खणत बसले होते, कुठे जोडली देव जाणे. नोटीस मोठ्याने वाचायला बरं वाटत होतं ना. आता त्यांची कुणीतरी वाचू दे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अर्ज लिहिला. तीन वेळा कच्चा, मग पक्का. सईने 'निदर्शनास' आणि 'तपासणी' बघून दिले. मागणी अशी: आमच्या रांगेतल्या सर्व घरांच्या मोऱ्यांत रंग टाकून पावसाळी गटाराची जाळी तपासावी. ज्याचा रंग जाळीत येईल तो दोषी. त्याच्यावर तीच नोटीस, तीच मुदत.

हे म्हणाले, "शेजाऱ्याशी कशाला वैर?" म्हटलं, खरं-खोटं करायला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

तीनदा ऑफिसात जाऊन आले. "दिवाळीनंतर." दोषी माणूस दिवाळीत अभ्यंगस्नान करून तेच पाणी खाडीत सोडणार, आणि नाव आमचं. चकली तेल प्यायली. रागात केलं की असंच होतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज तपासणी झाली. सगळं लिहून ठेवते.

मोहिते साहेब दोन माणसं घेऊन आले. रंग आणायला विसरले! ऑफिसात रंगच नाही म्हणे, मागवावा लागतो. मी आत गेले, माळ्यावरून रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंगाचा डबा काढून दिला. वाया जाऊ नये म्हणून मार्चपासून ठेवला होता. म्हटलं, आता चालू करा.

आमच्या रांगेत आठ घरं. साहेबांनी आधी कोपऱ्यावरची जाळी उचलून बघितली. "नोव्हेंबर आहे. हे गटार खडखडीत कोरडं पाहिजे. ओल आहे ही. फेसही आहे. कुणाची तरी मोरी आहे खरी ह्यात." मी शेळक्यांकडे बघितलं. ते पायजम्यात उभे होते, हात मागे बांधून.

बादलीत रंग कालवून पहिल्या घरापासून सुरुवात केली. मोरीत ओतायचा, वरून पाणी, माणूस जाळीपाशी बघत. पहिलं घर स्वच्छ. दुसरं, तिसरं. चौथं, पाचवं, सहावं. सातवं शेळक्यांचं.

शेळके म्हणाले, "बादलीभर वता साहेब, कमी नको." पुरी बादली ओतली. सगळे जाळीभोवती जमले. पाच मिनिटं. दहा. पंधरा. गुलाबीचा ठिपका नाही. संडासाच्या चेंबरचं झाकण उघडलं तर तिथे गुलाबी पाणी, अगदी व्यवस्थित.

शेळके भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. "पंधरा दिवस उगं नव्हतो खणत वैनी," एवढंच.

आठवं घर आमचं. मी म्हटलं, दार उघडं आहे, बघा. साहेबांनी डब्यात बघितलं. तळाशी थोडासाच रंग. घड्याळ बघितलं. "तुमचं काय बघायचं ताई? तुम्हीच तर अर्ज दिलाय. आणि तुमच्यासारखी व्यवस्था अख्ख्या वसाहतीत कुणी केली नाही." माणसं जीपमध्ये बसली पण. डबा आणि बादली मी उचलून मागे ठेवली.

मग ओल कुणाची? ट्रकवाल्यांची असणार. सगळ्यांपुढे तोंडघशी पडले. राग शेळक्यांवर होता तो आता कुणावर ठेवू कळत नाही. हलिमावरच. तिने वासाचं काढलं नसतं तर हे झालंच नसतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लेखी परवानगी आली! वर्षभराची. 'अर्जदाराने सांडपाणी संकलनाची अनुकरणीय व्यवस्था केलेली आहे' — अनुकरणीय! सईने दोनदा वाचून दाखवलं. महादेवाला नारळ फोडला. ह्यांनी कागद देव्हाऱ्यात ठेवला, पॉलिशचे हात आधी धुऊन.

हलिमा गल्लीत आली होती. कागद घेऊन बाहेर गेले. तिला वाचता येत नाही, मीच वाचला. ह्यापुढे वासाचं नाव काढलंस तर बघ, म्हटलं. सगळ्या बायका ऐकत होत्या.

तिने पाटीवरचं फडकं बाजूला केलं. दोन कोळंब्या तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरल्या. "कागदाला वास नाय बाय. ह्यांना हाय. घे, बघ." मी तोंड फिरवून आत आले.

मकबूल आता तळोज्याला हमालीला जातो म्हणे. बायका बोलत होत्या. जाईना का. आम्ही काय करणार.

९ नोव्हेंबर, रविवार

शेळके बघतात आणि मान वळवतात. त्यांच्या बायकोने दिवाळीचं ताट परत पाठवलं, रिकामं. ताटात साखरसुद्धा नाही घातली.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सहाला रंगाचा डबा आणि बादली मागच्या मोरीत विसळली. तीन पाण्यांत रंग निघेना. चौथ्यात निघाला. मग दुधाला निघाले.

कोपऱ्यावरच्या जाळीखालून गुलाबी पाणी चाललं होतं.

मे महिन्यात पोपट म्हणाला होता, "वैनी, मोठं गटार लांब पडतं, चारशे जादा लागतील. हा जवळचा पाइप रिकामाच असतो, ह्यात सोडतो." मी म्हटलं होतं, रिकामा आहे तर सोड की. आणि मग सात जणींना त्याचा पत्ता दिला.

जाळी ओलांडली की दूध केंद्र. पाय उचलेना. मागे फिरले.

परवानगीचा कागद देव्हाऱ्यातून काढून पिशवीत ठेवला आहे. हे विचारतायत, दूध कुठे? सांगितलं सगळं. ह्या वेळी बघू म्हणाले नाहीत.

हलिमा नऊला गल्लीत येते. मोहित्यांचं ऑफिस साडेदहाला उघडतं. आधी हलिमा.